काखेतली थरथर

दवाखाना आता मुलीचा होता. म्हातारे डॉक्टर सकाळी यायचे, खिडकीशी बसून लसींच्या कार्डांवर तारखा घालायचे आणि कुणी विचारलं तरच बोलायचे. विचारत कुणी नसे. जुनं म्हणावं असं पत्र्याचं टेबल तेवढं उरलं होतं, आणि खिळ्याला टांगलेली एक गंजकी साखळी.

त्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या बाई कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू लस टोचायला घेऊन आल्या. मुलीने त्याच्या कोपरामागे, छातीच्या खालच्या अंगाला नळी लावली. ठोके नीट होते.

"ठणठणीत आहे."

"डॉक्टरबाई, मांडीवर घेतलं ना, की हे माझ्या मशीनसारखं चालतं. थांबतच नाही."

"लाडात येतं हो. तुम्हीच चढवून ठेवलंय डोक्यावर!"

बाई हसल्या. खिडकीतलं पेन मात्र थांबलं.

चाळीस वर्षांपूर्वी याच टेबलापाशी ते स्वतः असंच बोलले होते. तेव्हा त्यांचे गुरू होते, थोरले डॉक्टर. फिनेलचा वास, स्टोव्हवर उकळणाऱ्या सुया, आणि नळीची गार चकती आपल्या तळव्यात उबवून मगच जनावराला लावणारे थोरले. "आधी हात, मग नळी," ते म्हणत. "आणि हात पार काखेपर्यंत. नाहीतर काखेत कळसा नि गावाला वळसा!" नव्या डॉक्टरला ती म्हाताऱ्याची खोड वाटे. थोरले जेवायला गेले असताना त्याने मांडीवर पिल्लू थरथरतं म्हणणाऱ्या एका आजींना हसून परत पाठवलं. सहा महिन्यांनी आजी नुसती साखळी घेऊन आल्या. "दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल," म्हणाल्या. थोरले रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मुलीने सुई भरली.

"जरा थांबतेस?" म्हातारे उठले. "म्हणजे... मला नीट कळेलच असं नाही."

"बाबा, ऐकलंय मी."

"हो, हो. तू ऐकलंयस." तरी त्यांनी हात उबवला आणि पिल्लाच्या डाव्या काखेत सरकवला. तळव्याला थरथर लागली. पण हात तर हल्ली त्यांचाच थरथरे! त्यांनी कोपर टेबलावर घट्ट टेकलं, श्वास रोखला. बोटं स्थिर झाली. थरथर थांबली नाही.

"इथे लाव. वर."

मुलीने नळी वर सरकवली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "अखंड घरघर आहे," ती पुटपुटली. मग बाईंकडे वळली. "चुकले मी. पोटात असताना पिल्लू श्वास घेत नाही, म्हणून हृदयापाशी एक वाहिनी उघडी असते. जन्मल्यावर ती मिटते. याची मिटली नाही. छातीचा फोटो काढून खात्री करू. शस्त्रक्रियेत ती बांधता येते."

"जगेल ना?"

"वेळेत केली तर बहुतेक जगतात. वेळेत आलात तुम्ही."

बाई पिल्लाला पदरात घेऊन बाकावर बसल्या. मुलगी मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी लिहू लागली. लिहितालिहिता तिने विचारलं, "बाबा, लहानपणापासून विचारतेय. ती साखळी कुणाची?"

दर वेळी ते "जुनी आहे" म्हणून विषय बदलत. आज त्यांनी खुर्ची तिच्या टेबलाजवळ ओढली.

"एका आजी होत्या," ते म्हणाले.