लाल ठिपका

“भरती समोरून येत नाही हो बाई, बाजूच्या ओहोळातून शिरते. पोरीला जवळ बांधून ठेवा,” कोळंबी धरणारी तिफेन म्हणाली होती. चित्र काढणाऱ्या ओनोरीनबाई हसल्या. “बांधायचंच तर या उन्हाला बांध, तिफेन. सारखं पळतंय.”

मित्रांनो, मी तिथेच उभा होतो. मी एक जुना ईझल आहे, कॅनव्हास पेलणारा, तीन लाकडी पायांचा. पॅरिसच्या सुताराने मला घडीचा केला तो खोलीबाहेर नेता यावा म्हणूनच. रंग नळ्यांत भरून मिळू लागले होते, आणि बाईंसारखे चित्रकार झाडं, पाणी, ऊन जागेवर जाऊन रंगवू लागले होते. ऐकायला छान वाटतं. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर, तिथल्या वाऱ्यात उभं राहून बघा. वाऱ्याने पडू नये म्हणून पोटाला दगड टांगलेला, ओल्या रंगात वाळू, आणि ढग आला की केलेलं सगळं खरवडायचं. वर येणारे-जाणारे विचारणार, “हे पूर्ण कधी करणार?”

त्या दिवशी ऊन टिकलं. बाई डोळे अर्धे मिटून बघत होत्या. हे चित्रकार तसंच बघतात. मग नाक-डोळे पुसले जातात, नुसते रंग उरतात. त्यांची तीन वर्षांची झेली लाल टोपी घालून वाळू उकरत होती. बाईंनी चित्रात तिचा लाल ठिपका ठेवला. जरा वेळाने ठिपका डावीकडे सरकला. “तिथे जास्त खुलतोय,” त्या पुटपुटल्या, आणि पहिला खरवडून दुसरा ठेवला. मग तो ओहोळाच्या चकाकीपाशी गेला. तिथे तर फारच सुंदर दिसला.

मला सगळं कळत होतं. तीन पाय असून एक उचलता येईना. निदान कोसळावं म्हटलं, तर दगडाने धरून ठेवलं.

तिफेनने भरतीच्या कमरेएवढ्या पाण्यातून झेलीला ओढून काढलं. “बघत तर होता की तुम्ही,” ती धापा टाकत म्हणाली. “मग बघत काय होता?”

पुढे ते चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं. लोक म्हणाले, तो ठिपका किती जिवंत आहे. ते ऐकायला बाई गेल्याच नाहीत. त्यांनी ब्रश पुन्हा हातात धरला नाही. माझ्यावर आता झेलीचे मोजे वाळत असतात.

मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. झेली ठणठणीत आहे. जो येतो तो तिचीच चौकशी करतो. बाई मात्र पोरीच्या झग्याचं टोक मुठीत धरून बसतात, आणि ऊन आत आलं की पडदा ओढतात. मित्रांनो, अशी एखादी आई तुमच्याही ओळखीत असेल. मूल कसं आहे हे तुम्ही विचारलंही असेल. आता पुन्हा जा, आणि ती कशी आहे ते बघून या.