भाऊजींचं कोरडं छत

माणसाने आजवर जे जे मोठं करून दाखवलं, त्याची सुरुवात मान वर करून पाहण्यात झाली आहे. आमच्या भाऊजींनी मान वर केली ती मात्र चहात वरून थेंब पडला म्हणून. त्यांनी आधी चहाकडे पाहिलं, मग छताकडे, आणि मग चहा पिऊन टाकला. छतावर दुधाच्या सायीसारखा कडेने सुरकुतलेला एक डाग होता. डाग दिसला की भाऊजींच्या अंगात ऑफिस संचारतं.

भाऊजी विमा कंपनीत आहेत. घरात पाणी मुरून नुकसान झालं म्हणून जे लोक भरपाई मागायला येतात, त्यांचं नुकसान नक्की कशामुळे झालं हे शोधायचं आणि नेमक्या त्याच कारणामुळे भरपाई मिळणार नाही हे गोड शब्दांत सांगायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे पाणी कुठून येतं, कसं झिरपतं, भिंतीत कुठे दबा धरून बसतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. ते थांबवायची वेळ मात्र त्यांच्यावर कधी आली नव्हती. तो विभाग वेगळा.

एरवी हा डाग वर्ष-दोन वर्षं सुखाने नांदला असता. पण त्याच्या बरोबर खाली, जुन्या चादरी पांघरून, ताईची हाताने फिरवायची शिलाई मशिनं रांगेत बसली होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. कपड्यांच्या कारखान्यात वर्षानुवर्षं नुसत्या कॉलरी शिवून ती इतकी कंटाळली होती, की बिनकॉलरचा माणूस दिसला तरी तिला बरं वाटायचं. आता नोकरी सोडून ती घरच्या पुढच्या खोलीत शिवणवर्ग काढणार होती. आळीतल्या बायकांनी रविवारी यायचं कबूल केलं होतं. त्याच बायकांना मागच्या गल्लीतला दुसरा वर्गही रोज बोलावत होता, आणि त्या वर्गाचं छत गळत नव्हतं.

बरं, नुसतं छतच नव्हतं. फाटकातून दारापर्यंत यायच्या वाटेवर अंगणात बारमाही डबकं होतं. घरच्यांना त्याची इतकी सवय, की रात्रीच्या अंधारातही सगळे नेमकी त्याच जागी उडी मारत. पाहुणे मारत नसत. म्हणून या घरात पाहुण्यांना आधी पायपुसणं देतात आणि मग पाणी.

आमचा मामेभाऊ कंत्राटदार आहे. त्याला बोलावलं. त्याने काठीने छत ठोकलं, कान लावून ऐकलं, आणि डॉक्टरांनी पेशंटच्या आप्तांना बाहेर बोलवावं तशा चेहऱ्याने ताईला बाजूला घेतलं. छताचा सगळा गिलावा उतरवावा लागेल, अंगणातल्या फरशा उखडाव्या लागतील, झाला तर महिन्याभरात होईल. ताईने मशिनांवरची चादर उगाच नीट केली. महिनाभर थांबायला त्या बायका काही तिच्या माहेरच्या नव्हत्या.

"मी करतो," भाऊजी म्हणाले.

ज्या माणसाने आजवर पंख्याचं बटणसुद्धा आम्हाला हाक मारून दाबून घेतलं, त्याच्या तोंडून हे ऐकून मामेभावाने मोजायची टेप गुंडाळायला घेतली ती गुंडाळतच राहिला. ताई मात्र शांतपणे म्हणाली, "रविवारी मशिनं चालू होणार. थेंब पडला तर छत्री धरून तुम्ही उभे राहायचं. वर्ग संपेपर्यंत. रोज."

भाऊजींनी अट मान्य केली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मेहुणे, चला गच्चीवर."

गच्चीवर पोचल्यावर जे घडलं त्याला शोध हाच शब्द आहे. टाकी भरली की जादा पाणी एका नळीने बाहेर पडायचं, भिंतीवरून उतरायचं आणि अंगणात पुरुषभर उंचीवरून धो धो आपटायचं. ते डबक्याचं मूळ. त्याच नळीचा गच्चीवरचा कोपऱ्यातला सांधा ढिला होता. तिथून पाणी ओघळून टाकीच्या पायाशी भेगेत शिरत होतं. ते डागाचं मूळ. भाऊजी गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी भेगेत काडी घातली, ओली काडी बाहेर काढली आणि ती माझ्या नाकासमोर धरली. दोन दावे, कारण एक. ऑफिसात असं सापडलं की दोन्ही एकाच पत्रात फेटाळता येतात. असा दिवस दहा वर्षांत एकदा उगवतो, म्हणाले.

मग जो आठवडा गेला, तसा त्या घराने पाहिला नव्हता. भाऊजी पहाटे उठून तारेच्या ब्रशने भेग घासत. संध्याकाळी ऑफिसातून येत ते सरळ गच्चीवर, गळ्यातला टाय तसाच, त्याचं टोक खिशात खोचलेलं. भेग भरली, जाळी बसवली, वर पाणी अडवणाऱ्या लेपाचा एक हात उभा आणि वाळल्यावर एक हात आडवा. दुकानदाराने दोन हात सांगितले होते. भाऊजींनी तिसरा दिला, तो निव्वळ आनंदाचा होता. लेप उरला तेव्हा तो गच्चीतलं पाणी बाहेर जायच्या भोकाभोवतीही थापला. तरीही उरला, तेव्हा नळीच्या सांध्यात कोंबला. खाली छताचे पोपडे खरवडले, पुट्टी भरली, रंग दिला. मीही वाहवत गेलो. सुटी टाकून मी अंगणात खड्डा खणला, त्यात विटांचे तुकडे, खडी आणि वाळूचे थर घातले आणि नळी लांबवून थेट त्याच्या पोटात सोडली. शनिवारी टाकी भरून वाहिली तरी अंगणात ना थेंब, ना आवाज. आम्ही दोघे त्या शांततेकडे कौतुकाने बघत उभे राहिलो.

ती शांतता हीच चूक होती, हे आम्हाला रविवारी कळलं.

त्या घरात पंप बंद करायची एक पद्धत आहे. सकाळी पंप लावायचा आणि आपापल्या कामाला लागायचं. अंगणात धो धो आवाज आला की टाकी भरली, जो जवळ असेल त्याने उठून बटण दाबायचं. घड्याळाकडे कोणी बघत नाही. लग्न होऊन आल्यापासून ताईने याच आवाजावर कणीक मळली, वेण्या घातल्या आणि वेळप्रसंगी भांडणं आवरली. आणि तो आवाज आम्ही खडीखाली पुरून टाकला होता.

रविवारी सगळ्या बायका आल्या. डबक्याच्या जागी सवयीने दोघींनी उडीसुद्धा मारली. नव्या छताखाली मशिनांवरच्या चादरी निघाल्या. ताईने बोलायला सुरुवात केली. आवाज आधी बसलेला होता, मग खुलत गेला. भाऊजी मागे भिंतीला टेकून उभे. सगळ्या खोलीत छताकडे पाहणारे ते एकटेच. मधेच त्यांनी माझी बाही ओढली.

"मेहुणे, आज धो धो ऐकू आलं का हो?"

आलं नव्हतं. पंप मात्र घरघरत होता. आम्ही दोघे जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढलो.

गच्चीवर तळं झालं होतं. नळीच्या सांध्यात भाऊजींचा लेप रात्रीत इतका फुगला होता, की पाण्याला वाटच उरली नव्हती. टाकी झाकणावरून वाहत होती, आणि बाहेर जायच्या भोकाभोवती लेपाचा छान उंबरठा तयार झाल्यामुळे पाणी गच्चीवरच घोट्यापर्यंत साचलं होतं. त्या पाण्याच्या खाली भेग, भेगेच्या खाली छत आणि छताखाली ताई. मी पंपाकडे धावायला वळलो, तर भाऊजींनी मला कॉलर धरून थांबवलं.

"थांबा," ते म्हणाले. डोळे लकाकत होते. "छप्पर पक्कं आहे की नाही हे असं पाणी तुंबवूनच कळतं. मी आजवर शेकडो लोकांना हे करून बघा म्हणून सांगितलं. एकानेही केलं नाही."

मी म्हटलं, खाली ताई आहे, बायका आहेत, मशिनं आहेत. ते म्हणाले, म्हणूनच तर. पँट गुडघ्यांपर्यंत दुमडून ते तळ्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, जणू वजनानेही छताची परीक्षा घ्यायची होती. मी खोटं कशाला बोलू, मीही पंप बंद केला नाही. माझंही काळीज धडधडत होतं, पण ते भीतीने नव्हतं.

खिडकीबाहेर गच्चीच्या वीतभर कठड्यावरून धार लागली तेव्हा ताई वर आली. तिने पाणी पाहिलं. पाण्यात उभा असलेला नवरा पाहिला. छत्रीचं नाव काढलं नाही. खाली गेली, पंप बंद केला आणि बायकांना म्हणाली, "मशिनं उचला, बाहेर बसू."

भाऊजी खाली आले ते रिकाम्या खोलीत जमिनीवर उताणे पडले. मीही शेजारी पडलो. आम्ही डोळे न मिटता वर बघत होतो. वर पाणी तुंबलेलं होतं आणि छत पापडासारखं कोरडं होतं. दुपारी मामेभाऊ आला. त्याने छताला तळहात लावला, दुसरा लावला, आणि मान खाली घालून भाऊजींना लेपाचं नाव विचारलं. भाऊजींनी नाव एकदा सांगितलं, मग फोड करून सांगितलं. लग्नातही हा माणूस एवढा हसला नव्हता. मग कपडे झटकून आम्ही विजयाची बातमी द्यायला अंगणात गेलो.

अंगणात झाडाच्या सावलीत मशिनं टकटकत होती. कठड्यावरून पडलेलं पाणी आमच्या खड्ड्याने केव्हाच पिऊन टाकलं होतं, पायाखाली खडखडीत जमीन. पलीकडच्या काकूंनी चष्मा न लावता पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवला होता आणि तो सगळ्यांना दाखवून झाला होता. भाऊजींनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, की छत पक्कं आहे, आता आत चला.

"काय करायचंय आत जाऊन?" काकू म्हणाल्या. "इथे उजेड आहे."

ताईने मान वर न करता पायजम्याची शिवण पुढे सरकवली. पण हसली, हे मी पाहिलं.

मागच्या गल्लीतला वर्ग बंद पडला. ताईचा जोरात चालतो, अंगणात. छत अजून कोरडं आहे. त्याच्याखाली सायकली ठेवतात.