गुरुवारचा भोंगा

शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. गळ्याची शपथ, चुलीची शपथ, आणि वर माझ्या उरलेल्या दातांची शपथ. एक अक्षर जरी खोटं निघालं तर मला जन्मात परत मटणाची नळी चोखायला मिळू नये. याच्याहून मोठी शपथ मला ठाऊक नाही.

महाळुंग्याला आता जिकडं बघावं तिकडं कंपन्यांचे पत्रे चमकतात. त्या पत्र्यांच्या मधोमध नूरबीचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे एक शेड, पुढं अंगण, अंगणात चिंच आणि चिंचेखाली फळ्या ठोकून केलेला ओटा. दर गुरुवारी संध्याकाळी त्या ओट्यावर नूरबीचा नवरा जहीर क्लॅरिनेट वाजवायचा, आणि त्याचा जुना दोस्त भीमराज ढोलकी. दोघं एकाच कंपनीतून रिटायर झालेले. नोकरीत होते तेव्हासुद्धा लग्नसराईत रजा टाकून बँडबरोबर जायचे, आणि साहेबाला सांगायचे की घरात लग्न आहे. साहेब म्हणायचा, तुमच्या घरात माणसं किती आणि लग्नं किती.

गुरुवारच का, तर आमच्या पट्ट्यात गुरुवार हाच रविवार. बाकीचं जग रविवारी लोळतं, आमच्याकडं मशिनं गुरुवारी गप्प होतात. मग दिवेलागणीला माणसं बायकापोरांना घेऊन, नाहीतर रूमवरची चार टाळकी गोळा करून नूरबीच्या अंगणात यायची. डेगेतली बिर्याणी, दुधी घातलेला डाळ-मटणाचा डालचा, आणि भीमराजची बायको केसरबाई चुलीवर थापायची त्या भाकऱ्या. भाकरी इतकी पातळ की पलीकडच्याचं तोंड दिसावं. एकदा तर एक भाकरी अशी फुगली की वाऱ्यानं उडाली आणि चिंचेत अडकली, पोरांनी दगड मारून पाडली. प्यायला कोकम, ताक, नाहीतर गोटी सोडा. बाटलीवाल्यांना नूरबी फाटकातूनच परत पाठवायची, आणि तेच लोक घटकाभरानं शहाण्यासारखे डालच्यासाठी परत यायचे.

असं सगळं छान चाललं होतं, आणि झिशाननं टीव्ही आणला.

झिशान नूरबीचा मुलगा. आधी कंपनीत लागला होता, मग नोकरी सोडून हॉटेलाचा गल्ला सांभाळायला लागला. पोरगा वाईट नाही. पण तो एका दोस्ताबरोबर माण गावाकडच्या मोठ्या हॉटेलात गेला होता, जिथं आयटीवाले जातात. तिथं एक पोरगी गिटार घेऊन गायली आणि गाणं संपल्यावर सगळी माणसं खुर्च्या सरकवून उभी राहिली, टाळ्या वाजवत. तेव्हापासून याच्या डोक्यात किडा शिरला. भिंतीएवढा टीव्ही आणून त्यानं कोपऱ्यात उभा केला, वर चादर टाकली, आणि भिंतीला लोखंडी चौकट ठोकली. नूरबीनं विचारलं तेव्हा म्हणाला, पुढच्या गुरुवारपासून मॅच लावायची.

नूरबी भांडायला पदर खोचून उभी राहिली. पण पोराचं बोलणं ऐकून तिचा पदर सुटला.

"अम्मी, अब्बा वाजवतात आणि लोक हाडं चोखत असतात. एक माणूस मान वर करत न्हाई. तुला चालतं, मला बघवत न्हाई."

खरंच होतं ते. जहीर जीव ओतून वाजवायचा आणि खाली अंगणभर नुसते केसांचे भांग दिसायचे. नूरबीला ते दिसत नव्हतं असं नाही, पण ती स्वतःला समजावायची की आपला डालचाच तसा आहे.

शेवटी ठरलं असं. आजचा गुरुवार अब्बांचा. लोक जर त्या माणच्या हॉटेलातल्या लोकांसारखे अब्बांसाठी उठून उभे राहिले, तर टीव्ही दुकानात परत जाईल. नाही उभे राहिले, तर क्लॅरिनेट पेटीत.

केसरबाईला हे कळलं तेव्हा तिनं परातीत पीठ आपटलं. म्हणाली, भरल्या ताटावरून माणूस उठेल का? आणि त्यात ही आपली माणसं. आठवडाभर मशीनपुढं उभी असतात. एक गुरुवार बुड टेकायला मिळतो, तर हा म्हणतो उभे राहा. वर तिनं नूरबीला टोमणाही मारला, की तुझ्या मालकाच्या पिपाणीनं आजवर नवरदेवाची घोडीसुद्धा नाचली नाही.

जहीरला सांगितलं. तो क्लॅरिनेटची पत्ती जिभेवर ओली करत बसला. फक्त इस्त्रीचा सदरा घालून आला, तेवढ्यावरून नूरबीनं ओळखलं की माणसाला लागलंय.

त्या दिवशी अंगण गच्च भरलं. जहीरनं हळदीची चाल धरली, मग वरातीची. भीमराजनं जयंतीच्या मिरवणुकीतला ठेका असा काही वाजवला की चिंचेचा पाला खाली पडला. खाली सगळे भांगच भांग. नूरबी कधी नव्हे ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मोजायला लागली, कोण मान वर करतंय. पुढच्याच टेबलावर उद्धवराव बसले होते. पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमधला जुना माणूस, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. खुर्चीतून उठवायला दोघं लागायचे. पोटच्या मुलीच्या लग्नात त्यांनी अक्षता बसूनच टाकल्या होत्या. त्या उद्धवरावांनी हात वर केला. नूरबीला वाटलं, आता दाद देणार.

उद्धवराव म्हणाले, "वहिनी, कांदा."

गल्ल्यावरून झिशाननं आईकडं बघितलं आणि नजर वळवली. त्यात जिंकल्याचा आनंद नव्हता, हे नूरबीला जास्त झोंबलं.

ती पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यापाशी गेली. जहीर घामानं निथळत होता. तांब्या देता देता तिला एकदम आठवलं, लग्न नवं होतं, दोघं पिंपरीत एका खोलीत राहायची, आणि ती रुसली की हा क्लॅरिनेट काढून कंपनीच्या भोंग्याची नक्कल करायचा. अशी हुबेहूब, की शेजारणी भाताखालचा गॅस बंद करायच्या, नवरे आले म्हणून.

"भोंगा आठवतो का?" तिनं विचारलं.

"म्हातारपणी थट्टा सुचते तुला."

"तुमची मान खाली जाण्यापेक्षा थट्टा बरी."

जहीरनं तिच्याकडं बघितलं. मग तांब्या खाली ठेवला, भीमराजला ढोलकी थांबव म्हणून खूण केली, आणि छाती भरून श्वास घेतला.

सूर खालून निघाला. आधी म्हैस कण्हावी तसा, मग वर, अजून वर, चिंचेच्या शेंड्यापर्यंत, आणि तिथं जाऊन जो थांबला तो थांबलाच. सोड्याच्या बाटल्यांतल्या गोट्या खुळखुळायला लागल्या. डालच्यावर तरंग उठले. आणि अंगणातला प्रत्येक माणूस, घास हातात, रस्सा मनगटावर, ताडकन उभा राहिला. कुणी खुर्चीखाली डब्याची पिशवी शोधतोय, कुणी खिशात कार्ड चाचपतोय, एकानं तर केसरबाईच्या तव्यासमोर जाऊन पंच करायला हात पुढं केला. झिशानचे दोन्ही हात गल्ल्यावरून आपसूक वर गेले, मशीनवरून काढावेत तसे. नोकरी सोडली तरी हातांनी राजीनामा दिला नव्हता.

पुढचं तर त्याच्याहून खरं. शेजारच्या कंपनीत त्या गुरुवारी ओव्हरटाइम चालू होता. तिथल्या सिक्युरिटीवाल्यानं भोंगा ऐकला, घड्याळ बघितलं, घड्याळाला टिचकी मारली आणि गेट उघडलं. आख्खी पाळी हेल्मेट काढत बाहेर आली. उरलेल्या डब्यांसाठी रोज गेटावर येणारी कुत्रीसुद्धा शेपट्या हलवत हजर झाली.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं. आधी एक हसला, मग दहा, मग सगळं अंगण पोट धरून हसायला लागलं. केसरबाईनं भाकरीच्या पिठाच्याच हातानं टाळी दिली आणि ओरडली, उठले का न्हाई रं झिशान, सगळे उठले.

झिशान पण हसत होता. पण डोकं हलवत म्हणाला, उठले खरे, पण भोंग्यासाठी. अब्बांसाठी न्हाई.

नूरबी त्याला फैलावर घेणार, तेवढ्यात ओट्यावरून जहीरच बोलला.

"पोरगं बरोबर बोलतंय. हे धरू नका. बसा, जेवा."

माणसं हसत हसत खाली बसायला लागली. आणि जहीरनं डोळे मिटून एक चाल धरली, जी त्या ओट्यावर कधीच वाजली नव्हती. ती ना लग्नातली होती ना मिरवणुकीतली. तिसरी पाळी सुटली की पहाटे सायकलवरून येताना तो ही चाल शिट्टीवर वाजवत यायचा. गल्लीच्या तोंडाशी शिट्टी ऐकली की नूरबी चहाचं आधण ठेवायची. एवढाच त्या चालीचा उपयोग होता. ती सुरू झाली की घरी माणूस धड हातापायानिशी परत आला, असं समजायचं.

अंगणात कुणाला हे माहीत नव्हतं. पण तिसरी पाळी कुणी केली नाही? घास तोंडाशी थांबले. एकेक मान वर आली. नूरबीनं पहिल्यांदा त्या अंगणात इतके चेहरे एका वेळी बघितले.

उद्धवराव अजून उभेच होते. शेजारच्यानं त्यांचा दंड धरला, म्हणाला, काका, बसा, गुडघे बोलतील.

"बोलू दे," उद्धवराव म्हणाले. "जन्मभर मशीनपुढं उभा ऱ्हायलो, ते सुपरवायझर बसू देत नव्हता म्हणून. आज मला कुणी सांगितलेलं न्हाई. आज मी माझ्या मनानं उभा हाय."

मग त्या शेजारच्यानं खरकटा हात ताटातच धुतला आणि तोही उठला. मग त्याची बायको. मग पलीकडचं टेबल. खुर्च्यांचा आवाज होऊ नये म्हणून लोक त्या उचलून मागं ठेवत होते. कुंपणापलीकडं ओव्हरटाइमवाली आख्खी पाळी हेल्मेट छातीशी धरून उभी. चाल संपली तेव्हा एवढी शांतता होती की डेगेखालचा कोळसा फुटलेला ऐकू आला. आणि मग ज्या टाळ्या पडल्या, त्या तळेगावापर्यंत ऐकू गेल्या. तिथं माझी एक नणंद राहते, तिला विचारा.

झिशान गल्ला उघडा टाकून ओट्यापाशी गेला. बापाच्या हातातून क्लॅरिनेट घेतलं, फडक्यानं पुसलं आणि परत हातात दिलं. टीव्ही दुसऱ्या दिवशी दुकानात गेला. भिंतीवरची चौकट मात्र निघेना, म्हणून आता तिच्यावर भीमराज आपली ढोलकी टांगतो. आणि शेजारच्या कंपनीत नवीन फलक लागलाय म्हणे, गुरुवारचा भोंगा ऐकून गेट उघडू नये.

नूरबी सगळा वेळ स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. केसरबाईनं कोपरानं ढोसून विचारलं, काय गं, रडतेस का. नूरबी ताठ मानेनं म्हणाली, रडतील माझे दुश्मन. उद्धवरावांचा कांदा चिरतेय.

आता शपथ घेतलीच आहे, आणि नळ्या मला अजून खायच्या आहेत, तर एवढं सांगून टाकते. बाकी सगळं खरं. गेट उघडलं ते खरं, कुत्री आली ती खरी, चिंचेतली भाकरी तर खरीच. नूरबीच्या रडण्यावर तो कांदा तेवढा मी पदरचा घातला. त्या दिवशीचा कांदा दुपारीच चिरून झाला होता, आणि नूरबीच्या हातात काहीच नव्हतं.