मागचं माझ्याकडे

दादाचं चष्म्याचं दुकान आहे आणि मी जन्मापासून आंधळा. दिव्याखाली अंधार, हा विनोद आमच्या घरात फक्त मी करायचा. दुसऱ्या कुणी केला तर मी चावतो.

आमची एक दोन सीटची सायकल आहे. पुढे दादा, मागे मी. पुढचं त्यानं बघायचं, मागचं मी ऐकायचं, अशी वाटणी लहानपणीच झाली. मागून दुचाकी आली की त्याच्या पाठीवर एक थाप, मोठी गाडी आली की दोन. थाप बसली की तो कडेला घेतो. इतक्या वर्षांत त्यानं कधी मान वळवून पाहिलं नाही, आणि मीही कधी चुकलो नाही.

मी अंधशाळेत शिकवतो. तिथलं ब्रेल छापायचं मशीन मोडीत निघालं. मुलं तीच जुनी पुस्तकं आळीपाळीनं वाचतात. ठिपके झिजून सपाट झालेत, निम्मी गोष्ट मनानं रचावी लागते. नव्या मशीनसाठी निधी जमवायचा म्हणून आम्ही दोघांनी सायकलवर पार समुद्रापर्यंत जायचं ठरवलं. जितके किलोमीटर होतील तितके पैसे द्यायचं लोकांनी कबूल केलं आणि नेमका माझ्या गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, घराजवळ फिरा, लांबचं विसरा.

"मग मी एकटा जातो," दादा म्हणाला.

मी तोंडानं हो म्हटलं. पोटात दुखायचं ते दुखलंच.

तयारी मात्र मन लावून केली. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून वहिनी गावांची नावं वाचायची, मी फोन करून मुक्काम ठरवायचो. कुठे चढ, कुठे पाणी, सगळं विचारून घेतलं. वहिनी पिशव्या भरतच होती. "अगं, सायकल आहे ती, गाढव नाही," दादा म्हणायचा, आणि ती आणखी एक टॉवेल कोंबायची.

रविवारी तो नव्या, एका सीटच्या सायकलवर सरावाला गेला. दुपारी परतला तो कोपर सोलून. एक गाडी घासून गेली होती.

"आरसा लावलाय ना हँडलला?" वहिनी जखम धूत म्हणाली.

"लावलाय. त्यात बघायचं असतं हे डोक्यातच आलं नाही." मग तो माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाला, "तू थापच दिली नाहीस रे."

कुणीच हसलं नाही. आपण काय बोललो हे त्यालाही जरा वेळानं कळलं असावं, कारण तो न जेवताच आत जाऊन पडला.

वहिनीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "भाऊजी, तुम्ही एकदा नको म्हणा. माझं ऐकायचे नाहीत ते, तुमचं ऐकतील."

खरं होतं तिचं. माझा एक शब्द पुरे होता. आणि खोटं कशाला बोलू, त्या सोललेल्या कोपरानं मला बरं वाटलं होतं. माझ्यावाचून त्याचं अडतं, याचा आनंद झाला होता. भावाला लागलं आणि आपण खूश, हे ध्यानात आलं तेव्हा स्वतःचीच किळस आली.

मी दादाच्या खोलीच्या दाराशी गेलो. "उद्या सकाळी सायकल काढ. आपली, दोन सीटची."

मग रोज सकाळी, गुडघ्याला झेपेल तेवढं, मी त्याला मागचं शिकवू लागलो. आधी थाप देऊन विचारायचो, काय आलं? हळूहळू थाप उशिरा द्यायला लागलो. एकदा साध्या मोपेडला बस समजून त्यानं सायकल पार गटारापर्यंत नेली.

"कान आहेत की चष्मा अडकवायचे खुंटे?" मी म्हटलं.

"दुकानात तेवढाच उपयोग होतो त्यांचा," तो म्हणाला. पण शिकत होता. जितका शिकत होता तितका मी जास्त खेकसत होतो.

शेवटी एके सकाळी मी त्याला सांगितलं, "आज थाप नाही. मी नाहीच असं समज."

मोठ्या रस्त्याला लागलो. थोड्या वेळानं मागून घरघर आली. जवळ येत गेली. दादा सरळच चालला होता. माझा हात हँडलवरून सुटला, वर उठला. आणखी एक क्षण थांबलो असेन नसेन, तेवढ्यात सायकल कडेला झुकली.

"ट्रक," दादा म्हणाला. "रिकामा. फळ्या वाजतायत."

ट्रक वारा मारून निघून गेला. फळ्या मला ऐकूच आल्या नव्हत्या. मी सगळा वेळ त्याचा श्वास ऐकत होतो.

"बरोबर?"

"बरोबर."

"मग जाऊ मी?"

माझा हात अजून वरच होता. त्याच्या पाठीवर टेकवावासा फार वाटला. पण त्याला ती थाप वाटली असती आणि त्यानं उगीचच कडेला घेतलं असतं. मी हात परत हँडलवर ठेवला.

"जा," मी म्हटलं.