आवाज आजीचा, हात माझा

आमच्या घरी चिन्मयीला जेवू घालायला दोन माणसं लागतात. हात माझा आणि तोंड माझ्या सासूबाईंचं. हात इकडे परदेशात, टार्निटला, तोंड तिकडे नाशिकला. संध्याकाळी टॅब पोळ्यांच्या डब्याला टेकवून उभा करायचा, की त्यात शोभाआजी हजर. त्या "हा घास चिऊचा, हा घास काऊचा" सुरू करतात आणि मी मुकाट्याने वरणभात पुढे सरकवत राहते.

ही व्यवस्था माझ्या नवऱ्याच्या, धवलच्या, सुपीक डोक्यातली. फेब्रुवारीत माझी आई गेली. तेराव्याला जाऊन आले आणि आल्यापासून मी आतून बधिर आहे. रडू नाही, राग नाही, भूक नाही. मैत्रिणी म्हणाल्या, "मोकळी हो." जसा काही नळच आहे, सोडला की झालं! ऑफिसचं काम जमत होतं, पण तीन वर्षांच्या पोरीशी बोलायचं म्हटलं की जीभ उचलत नव्हती. धवल म्हणाला, "अगं, मराठी कानावर पडल्याशी मतलब ना? आई बोलेल. नो वरीज." मलाही ते पटलं. आपली भाषा, आपली आजी, पोट भरलेलं पोर. वाईट काय होतं त्यात?

गुरुवारी चाइल्डकेअरमधून तिला आणायला गेले तर तिची शिक्षिका हेलन म्हणाली, "जरा थांबतेस?" मला वाटलं, पुन्हा कुणाला तरी चावली असणार. हेलनने मला काचेपाशी उभं केलं.

आत चिन्मयीने एक लाकडी ट्रे टेबलावर उभा करून ठेवला होता आणि ती त्या ट्रेशी बोलत होती. अस्खलित मराठीत, हातवारे करून, कुणाचं दूध सांडलं, कोण रडलं, सगळं सविस्तर. शेजारी वेद नावाचा मुलगा गाडी पुढे करून उभा होता. "चिन्मयी, लुक!" तिने मान वळवली नाही. तो कंटाळून निघून गेला.

"इंग्रजीची मला काळजी नाही," हेलन म्हणाली. "ते येईल. घरी मराठीच बोला. पण ती माणसांशी बोलत नाही, कुठल्याच भाषेत नाही. तुझ्याशी बोलते?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं आणि आठवून बघितलं. शेवटचं कधी बोलली होती, आठवेना.

"नाही," मी म्हटलं. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. हे बरं नाही, एवढं फक्त कळलं. माझा बधिरपणा पोरीला लागत होता.

हेलनने उपदेश केला असता तर तोच ट्रे मी तिच्या डोक्यात घातला असता. मी टॅबचं सांगितलं, तरी तिने केला नाही. चिन्मयीला तपासून घेऊ म्हणाली, तूही डॉक्टरला भेट म्हणाली, आणि तोवर रोज एक जेवण टॅबशिवाय, समोरासमोर बसून.

"मला हल्ली हसून बोलता येत नाही," मी म्हटलं.

"हसू नकोस. नुसतं बोल."

घरी धवल वैतागला. "आईला काय सांगू? तिला वाटेल, आपण तिला बाजूला सारलं."

"सांग, बायको चक्रम आहे."

शेवटी फोन मीच लावला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी का जन्मभर त्या टॅबात बसणारेय? भरव तूच."

टॅब कपाटात गेला. चिन्मयी डब्यासमोर बसली आणि डब्याकडेच बघत राहिली.

"हा घास चिऊचा," मी म्हटलं. स्टेशनवर गाडी उशिरा येणार असल्याचं सांगतात, त्या सुरात.

तिने डब्यामागे वाकून पाहिलं. टेबलाखाली पाहिलं. आवाज कुठून येतोय ते शोधत होती. मी पुन्हा म्हटलं, तेव्हा ती खुर्चीवर उभी राहिली आणि तिने माझ्या ओठांवर बोटं ठेवली.

"हा घास काऊचा."

बोटांखाली ओठ हलले. तिने तोंड उघडलं. मग प्रत्येक घासाला तेच, आधी बोटं, मग घास. मी यंत्रासारखी बोलत होते, पण बोलत होते.

भात संपला. चिन्मयीने माझ्या हनुवटीवर बोट टेकवून दाबलं. कॉल संपवायचं लाल बटण स्क्रीनवर साधारण तिथेच असतं.

"बाय, आई," ती म्हणाली आणि मी नाहीशी व्हायची वाट बघू लागली.

मी नाहीशी झाले नाही. तिने पुन्हा दाबलं, जोरात.

"तू जात नाहीस?"

"नाही गं."

"मग तू कुठे असतेस?"

"इथेच," मी म्हटलं, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. लाज वाटली. इतकी, की दुखलं.