उसने हात

“सर, हे हात ह्या राजेसाहेबांचेच हायत का?”

माझ्या मैत्रिणीनं, सोनमनं, मराठीत कानात भरवलेला प्रश्न मी चित्रं दाखवणाऱ्या माणसाला कन्नडमध्ये विचारला. निपाणीहून आमची दहावीची सहल म्हैसूरला गेली होती. तिथल्या एका जुन्या दालनात भिंतभर माणसांची चित्रं. राजाचं तोंड साठीचं आणि हात कॉलेजच्या पोराचे, असं सोनमचं म्हणणं. विचारलंस तर माझा सगळा चिवडा तुझा, म्हणाली. आठवीपर्यंत मी हजेरीसुद्धा हळूच द्यायचे. आता पैज लागली की मला दम निघत नाही.

तो माणूस चिडला नाही. राजाला चित्रासाठी बसायला वेळ नसायचा म्हणे. चित्रकार तोंड तेवढं काढून घ्यायचे. मग वाड्यातला कुणीतरी नोकर तेच कपडे घालून दिवस दिवस बसायचा. हात त्याचे.

सगळी हसली. मीपण हसले, आणि मला आमच्या हॉलमधला फोटो आठवला.

कोंडाबाई, माझी आजी. चाळीस वर्षं विड्या वळल्या तिनं. मार्चमध्ये गेली, तेव्हा पप्पांच्या मोबाईलमध्ये तिचा एकच फोटो निघाला: दारात बसलेली, मांडीवर विडीच्या पानांचं सूप, बोटं तंबाखूनं काळी. पप्पा बेळगावला उद्यमबागेतल्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांचे साहेब भेटायला येणार होते. स्टुडिओवाला म्हणाला, तोंड हेच ठेवून बाकीचं बदलून देतो. कॉम्प्युटरवर त्यानं दहा-बारा बायका दाखवल्या, बिनतोंडाच्या. त्यातली निळ्या साडीची, हिरव्या बांगड्यांची मी निवडली. मीच. नखं छान होती तिची.

खऱ्या हातांनी आजी माझी वेणी घालायची. केसांना तंबाखूचा वास येतो म्हणून मी एकदा तिचा हात झिडकारला होता. दुसऱ्या दिवशी ती साबणानं हात धुऊन आली.

चिवडा मी सोनमला परत दिला.

घरी आल्या आल्या पप्पांकडं तो जुना फोटो मागितला. तो मोबाईल कधीच बिघडला होता. स्टुडिओवाल्यानंही पुसून टाकला होता.

मी स्टुलावर चढून फ्रेम उतरवली. आई म्हणाली, “अक्षरा, काय करतीस गं?”

“आई, पप्पा, हे हात आजीचे न्हाईत. आजीचं चित्र मी काढणार हाय, सूप मांडीवर घेतलेलं. विडी मुडपायला पत्र्याचं नख ती कुठल्या बोटात घालायची, तेवढं आज सांगा मला. ते चित्र हितंच लागणार, कोणबी येऊ दे घरात.”