एका जागचा कंप

माझ्या माहेराची वाट, खाडी आडवी पडली
होडीवाल्याला साद दिली, साद पाण्यात बुडली

‘साद’ म्हणताना सगुणाचा आवाज कापायचा. बारा वर्षं झाली, खाडीकाठच्या भाट्ये गावातल्या त्या घरात तो आवाज उमटला नव्हता. तिच्या नवऱ्याच्या, हरिश्चंद्राच्या, कानातून मात्र गेला नव्हता.

दुपारची जेवणं झाल्यावर त्याने सिंथेसायझरवरचं कापड काढलं. जयगडच्या बंदरातली नोकरी संपल्यापासून घरात त्याच्याशी बोलणारं असं हे एवढंच होतं. यंत्रातल्या बाईच्या आवाजात त्याने त्या ओवीची चाल धरली. सूर आला, पण सरळसोट, इस्त्री फिरवल्यासारखा. मग तो एलएफओच्या बटणांकडे वळला. एलएफओ म्हणजे कानाला ऐकू न येणारी संथ लाट. ती स्वतः गात नाही, दुसऱ्याच्या आवाजाला हलवते. रेट, म्हणजे लाटेचा वेग, वाढवला तर सूर बकरीसारखा बें बें करू लागला. डेप्थ, म्हणजे तिची खोली, कमी केली तर नुसता शहारला. शेवटी त्याने लाट उशिरा सुरू करणारं डिलेचं बटण फिरवलं. सूर थोडा सरळ चालला आणि श्वास संपत आल्यासारखा कापू लागला. हरिश्चंद्राचं बोट पट्टीवरच राहिलं.

ह्याच आवाजाबद्दल, बारा वर्षांपूर्वी देवरूखच्या भजनस्पर्धेआधी, नव्या यंत्राच्या तोऱ्यात त्याने भजनी मंडळाच्या बाबल्याबुवांना बाजूला घेतलं होतं. हिला मंडळातून काढा, आवाज कापतो, चारचौघांत माझी शोभा होते. फक्त माझं नाव सांगू नका, असं म्हणाला होता. बुवांनी तिला काढलं आणि शब्दही पाळला. सगुणाने बुवांशी बोलणं टाकलं, मंडळ टाकलं, गाणं टाकलं. मैत्रिणी यायच्या थांबल्या. घरात दोन माणसं आणि भांड्यांचा आवाज उरला. आता बुवाही गेले. उद्या त्यांचं बारावं, आणि त्या दारात मी पाय ठेवणार नाही, असं तिने सकाळीच सांगून टाकलं होतं.

मागल्या पडवीत ती कोकमासाठी रातांबे फोडत बसली होती. सूर ऐकून उठली, लाल झालेले हात लुगड्याला लागू न देता दारात येऊन उभी राहिली.

“ह्यो माजा आवाज काय वो?”

त्याने मान डोलावली.

“नाय. ह्यो सगलीकडं कापतो. मी येकाच जाग्याला कापायची.” तिने मनगटाने कपाळ पुसलं. “आय गेली तवा होडी बंद व्हती. मी ह्या काठावं साद घालीत ऱ्हायले. त्या शब्दाला गला धरायचा माजा. बुवांनी त्यालाच दोष म्हटलान.”

हरिश्चंद्राने यंत्र बंद केलं. ती परत जायला वळली.

“सगुणा, थांब गो.” त्याने वर पाहिलं नाही. “बुवांनी तुला नाय काडलान. मी सांगितलं त्यांस. मला तुजी लाज वाटली व्हती.”